गोळी थायरॉइडची, चिंता वजनाची

गटाच्या मासिक बैठकीत हप्ते जमा झाले, वही लिहून झाली आणि चहा आला, की बोलणं हमखास दुखण्यांवर येतं. पूर्वी कंबर, गुडघे आणि पित्त यांच्यावर गाडी थांबायची. आता थायरॉइडचं नाव निघतंच निघतं. "गोळी चालू आहे, पण वजन काही उतरत नाही," ही तक्रार आम्ही जाऊ त्या गावात ऐकतो. यावर बायका आपापल्या मनाने दोन उपाय करतात. काहीजणी म्हणतात, उपयोगच नाही तर घ्यायची कशाला, आणि गोळी बंद करतात. काहीजणी उलट एकाच्या दोन घेतात. पहिल्यात नुकसान आहे. दुसऱ्यात जिवाशी खेळ आहे.

म्हणून आज आम्ही या गोळीचा इतिहास सांगणार आहोत. तो दीडशे वर्षांचा आहे आणि बराचसा परमुलखातला आहे. पण वजन का उतरत नाही, याचं उत्तर त्यातच आहे.

आधी ही थायरॉइड म्हणजे काय ते पाहू. शाळेच्या पुस्तकात हिला अवटू ग्रंथी म्हणतात. गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठाच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची ही लहानशी ग्रंथी असते. आपल्या खाण्यातलं आयोडीन घेऊन ती एक रस तयार करते आणि तो रक्तात सोडते. शरीराची चूल किती जाळावर ठेवायची, हे या रसावर ठरतं. रस कमी पडला की जाळ मंदावतो. मग थंडी वाजते, शौचाला साफ होत नाही, केस गळतात, आवाज घोगरा होतो, पाळीत अंगावरून जास्त जातं, चेहरा सुजतो आणि सकाळी अंथरुणातून उठवत नाही. रस जास्त झाला तर सगळं उलट होतं. छातीत धडधड, घाम, हातांची थरथर, झोप नाही, आणि वजन उतरतं. हे शेवटचं लक्षात ठेवा. सगळा घोळ पुढे तिथूनच झाला.

गळ्याची गाठ, म्हणजे गलगंड, आपल्याकडे फार जुना ओळखीचा. सुश्रुतसंहितेत त्याचं वर्णन आहे. डोंगराळ मुलखात पावसाने मातीतलं आयोडीन वाहून जातं, पिकात आणि पाण्यात ते येत नाही, आणि मग गावंच्या गावं गळा सुजलेल्या माणसांची होतात. हिमालयाच्या पायथ्याशी असंच होतं. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 पासून काही गावांना आयोडीनचं मीठ आणि काहींना साधं मीठ देऊन पाहिलं. आयोडीनच्या मिठाने गलगंड घटला. त्या कामाच्या आधारावर 1962 मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज किराणा दुकानात पुडीवर हसरा सूर्य छापलेलं मीठ मिळतं, त्यामागे ही कहाणी आहे. हल्ली कुणी सांगतं म्हणून घरचं मीठ बदलून सैंधव आणायची टूम निघाली आहे. सैंधवात सहसा पुरेसं आयोडीन नसतं. ते चवीला ठेवा, रोजच्या भाजी-आमटीला नको.

तर गलगंड सगळ्यांना दिसत होता. पण ती ग्रंथी करते काय, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. काहींना ती नुसती गळ्याला गोलाई देण्यासाठी आहे असं वाटे.

1873 मध्ये लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी काही बायकांच्या एका विचित्र दुखण्याचं वर्णन लिहिलं. चांगल्या चालत्याबोलत्या, कामाच्या बायका मध्यमवयात हळूहळू सुस्त होत गेल्या. चेहरा गोल आणि सुजट, जीभ जाड, बोलणं संथ, अंग फुगलेलं. गलांनी निबंधाच्या नावातच हे बायकांना होणारं दुखणं आहे असं म्हटलं होतं. हा आजार पुरुषांनाही होतो, पण बायकांना कितीतरी पटीने जास्त. आम्हाला ते वर्णन महत्त्वाचं वाटतं ते एका कारणाने. ती बाई आळशी झाली, असं घरचे म्हणत असणारच. आजही म्हणतात. तिच्या सुस्तीला दुखणं म्हणणारा डॉक्टर भेटणं ही मोठीच गोष्ट होती.

पाच वर्षांनी, 1878 मध्ये, लंडनच्याच विल्यम ऑर्ड यांनी अशा बायकांची मृत्यूनंतर तपासणी केली. फुगलेल्या कातडीखाली त्यांना बुळबुळीत चिकट द्रव साठलेला दिसला. म्हणून त्यांनी या आजाराला 'मिक्सिडिमा', म्हणजे चिकट द्रवाची सूज, असं नाव दिलं. नाव विसरलात तरी चालेल. त्यातली 'सूज' मात्र विसरू नका. बाई जाड दिसत होती, पण तो सगळा मेद नव्हता.

त्याच सुमाराला स्वित्झर्लंडमध्ये, बर्न शहरात, थिओडोर कोखर नावाचे फार कसबी सर्जन होते. स्वित्झर्लंडही डोंगराळ, तिथेही गलगंड घरोघरी. कोखर तो कापून काढत आणि त्यांचे रोगी वाचत, जे त्या काळात सोपं नव्हतं. 1874 मध्ये त्यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीची अख्खी ग्रंथी काढली होती. पुढे त्यांना कळलं की ती मुलगी पार बदलली आहे, तिची वाढ खुंटली आहे, ती मंद झाली आहे. कोखरांनी मग आपले जुने रोगी परत बोलावून तपासले. ज्यांची पूर्ण ग्रंथी काढली होती आणि जे तपासणीला आले, त्या अठरापैकी सोळा जणांची अवस्था तशीच होती. 1883 मध्ये त्यांनी हे सगळं भर सभेत सांगितलं आणि गलगंडासाठी पूर्ण ग्रंथी काढणं सोडून दिलं. 1909 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. पण आम्हाला विचाराल तर 1883 ची ती सभा मोठी.

आता दोन्ही धागे जुळले. गलांच्या बायका आणि कोखरांचे रोगी एकसारखे दिसत होते. ग्रंथी गेली किंवा थकली की हे होतं. मग प्रश्न आला, कमी पडलेलं बाहेरून देता येईल का?

इंग्लंडच्या न्यूकॅसल गावी जॉर्ज मरे नावाच्या तरुण डॉक्टरांनी 1891 मध्ये ते करून पाहिलं. मेंढीच्या गळ्यातली ग्रंथी आणली, बारीक चिरली, ग्लिसरीनमध्ये भिजवली आणि स्वच्छ रुमालातून पिळून तिचा अर्क काढला. आपण चक्क्याचं पाणी पिळतो तसाच प्रकार. तो अर्क त्यांनी एका 46 वर्षांच्या बाईला टोचला. ती चारपाच वर्षं आजारी होती. काही आठवड्यांत तिची सूज उतरू लागली, बोलणं सुधारलं, घाम येऊ लागला, पाळी परत आली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या डॉक्टरांच्या ध्यानात आलं की सुईची गरज नाही, ग्रंथी पोटातून दिली तरी चालते. एका डॉक्टरांनी तर ती थोडी तळून, बारीक करून, फळांच्या मुरंब्याबरोबर आठवड्यातून एकदा द्यायला सांगितलं होतं. मरेंच्या त्या बाई त्यानंतर 28 वर्षं जगल्या आणि 1919 मध्ये 74 व्या वर्षी वारल्या. तोवर त्यांच्यासाठी 870 हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या होत्या. मेंढ्या राखणाऱ्या आमच्या धनगर मैत्रिणींनी हा हिशेब ऐकला, तेव्हा त्या बराच वेळ बोटं मोजत बसल्या होत्या.

शाकाहारी मैत्रिणी हे ऐकून चरकतात. त्यांनी घाबरू नये. अमेरिकेत एडवर्ड केंडल यांनी 1914 च्या नाताळच्या दिवशी या रसातलं मूळ द्रव्य, थायरॉक्सिन, वेगळं काढलं. त्यासाठी त्यांना टनावारी डुकरांच्या ग्रंथी लागल्या आणि हाती आलं ते काही ग्रॅम. 1927 पर्यंत इंग्लंडमध्ये हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत बनवून दाखवलं. आज आपल्या बाटलीत असतं ते लेव्होथायरॉक्सिन, आणि ते कारखान्यातच तयार होतं. त्यासाठी कुठलंही जनावर लागत नाही.

इथवरची गोष्ट चांगली आहे. आता बिघडलेली बाजू.

मरे आणि इतर डॉक्टर औषध देत, तेव्हा बायकांना लघवी जास्त होई, सूज उतरे आणि वजनाचा काटा खाली येई. ते पाहून लोकांनी सरळ हिशेब केला, की या औषधाने जाड माणूस बारीक होतो. 1893-94 पासूनच जर्मनी आणि इंग्लंडमधले डॉक्टर ज्यांची ग्रंथी ठणठणीत आहे अशा जाड माणसांना हे औषध देऊ लागले. सुरुवातीला काटा हललाही. बर्लिनमध्ये मॅग्नस-लेव्ही यांनी 1895 मध्ये श्वासातला प्राणवायू मोजून दाखवलं, की या औषधाने शरीराचा जाळ खरोखरच वाढतो. पण चांगल्या पेटलेल्या चुलीत आणखी लाकडं कोंबली तर भाकरी करपते. छातीचे ठोके वाढले, हात थरथरू लागले, अंगातली ताकद गेली, आणि औषध थांबवलं की वजन परत आलं. समजदार डॉक्टर बाजूला झाले. विकणारे मात्र आत आले.

अमेरिकेत 'मार्मोला' नावाच्या गोळ्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून खपत होत्या. खाणंपिणं सोडू नका, कष्ट करू नका, गोळी घ्या आणि सडपातळ व्हा, अशा धर्तीची जाहिरात. गोळीत वाळवलेली जनावराची थायरॉइड होती. तिथल्या व्यापार आयोगाने कंपनीला रोखलं, तर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि 1931 मध्ये आयोग हरला. कारण ऐकण्यासारखं आहे. डॉक्टरच्या देखरेखीशिवाय ही गोळी धोक्याची आहे, हे न्यायालयाने नाकारलं नाही. पण कायद्यानुसार आयोगाचं काम व्यापाऱ्यांमधली अन्याय्य स्पर्धा रोखण्याचं होतं, आणि दुसऱ्या एखाद्या व्यापाऱ्याचं नुकसान झाल्याचं सिद्ध झालं नव्हतं. म्हणजे दुकानदाराचं नुकसान दाखवा. बाईचं झालं ते मोजायला कायद्यात रकानाच नव्हता! 1938 मध्ये कायदा बदलला आणि लोकांची फसवणूक हेच कारवाईला पुरेसं कारण ठरलं. 1942 मध्ये त्याच कंपनीविरुद्ध आयोग जिंकला.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं. 1960 च्या दशकात तिथे 'इंद्रधनुषी गोळ्या' जोरात खपत होत्या. रंगीबेरंगी, मूठभर. एकीत थायरॉइड, एकीत भूक मारणारं उत्तेजक, एकीत लघवी वाढवणारं, एकीत हृदयाचं औषध, आणि एवढं घेतल्यावर झोप येत नाही म्हणून एकीत झोपेचं. खास वजनाचेच दवाखाने निघाले होते. 1968 मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाची एक महिला पत्रकार अशा दहा डॉक्टरांकडे जाऊन आली. तिचं वजन जास्त नव्हतं. तरी तिला जवळजवळ दीड हजार गोळ्या मिळाल्या. या गोळ्यांशी जोडलेले मृत्यूही पुढे आले आणि अमेरिकेच्या संसदेत चौकशी झाली. आजही तिथे थायरॉइडच्या औषधाच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीत छापलेलं असतं, की हे औषध वजन कमी करण्यासाठी वापरू नये, मोठ्या मात्रेत ते जिवावर बेतू शकतं.

ही चौकट आपल्या गावापर्यंत पोचलेली नाही. पावडरी मात्र पोचल्या आहेत. ओळखीतलीच कुणी ताई डबा घेऊन येते, आतल्या द्रव्यांची यादी वाचता येत नाही, आणि "सगळं आयुर्वेदिक आहे, काही होत नाही," असं सांगितलं जातं. आमच्या एका गटात अशा डब्यासाठी अंतर्गत कर्जाची मागणी आली होती. कारणाच्या रकान्यात 'औषधोपचार' लिहिलेलं होतं. अमेरिकेत 2013 मध्ये थायरॉइडला पोषक म्हणून डॉक्टरच्या चिठ्ठीविना विकल्या जाणाऱ्या दहा गोळ्या तपासल्या गेल्या, तर त्यांतल्या नऊंमध्ये थायरॉइडचा रसच सापडला. आधीच थायरॉइडची गोळी घेणाऱ्या बाईने वर अशी वस्तू घेतली, तर तिला नकळत जास्त मात्रा जाऊ शकते.

एकाच्या दोन घेतल्या तर काय होतं, हेही सांगतो. हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, त्यातून रक्ताची गुठळी होऊन पक्षाघातही येऊ शकतो. हाडं ठिसूळ होतात, आणि पाळी गेलेल्या बायकांना याचा धोका जास्त. वजन उतरतं त्यात दंडा-मांड्यांचे स्नायूही झिजतात. म्हणजे काटा खाली गेलेला दिसतो, पण पाण्याची कळशी उचलवत नाही.

मात्रा किती द्यायची हे पूर्वी डॉक्टर लक्षणांवरून ठरवत. 1970 च्या आसपास रक्तातलं टीएसएच मोजायची सोय झाली आणि अंदाजाचं काम संपत आलं. हे टीएसएच बायकांना उलटं वाटतं. आकडा वाढला म्हणजे थायरॉइड वाढलं, असा समज असतो. तसं नाही. एखादीचा हप्ता थकला की अध्यक्ष तिला निरोपावर निरोप पाठवतात ना? मेंदूच्या तळाशी एक ग्रंथी आहे, ती थायरॉइडला असे निरोप पाठवते. टीएसएच म्हणजे ते निरोप. रस कमी पडला की निरोप वाढतात, रस जास्त झाला की निरोप थांबतात. म्हणून आकडा फार कमी आला तर खुश होऊ नका, डॉक्टरांना दाखवा. गोळीची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, आणि एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. 50 ची 100 करणं दिसायला किरकोळ, पण शरीराला तो दुप्पट जाळ आहे. मात्रा बदलल्यावर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासतात, कारण शरीराला नव्या मात्रेशी जुळायला तेवढा वेळ लागतो.

मग मूळ प्रश्न. गोळीने वजन किती उतरतं?

डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी 2011 मध्ये हे नीट मोजून प्रसिद्ध केलं. थायरॉइड कमी असलेल्या रुग्णांना गोळी सुरू केली आणि मेद वेगळा, बाकीचं अंग वेगळं मोजणाऱ्या यंत्रावर त्यांना आधी आणि नंतर तपासलं. वजन सरासरी चार किलोंच्या थोडं वर उतरलं होतं. मेद मात्र होता तेवढाच राहिला. उतरलं ते साठलेलं पाणी. ऑर्ड यांनी 1878 मध्ये कातडीखाली पाहिली होती, तीच ही सूज.

आता तुमचा हिशेब तुम्हीच करा. एखादीचं वजन बाळंतपणापासून पंधरा-अठरा किलोंनी वाढलेलं आहे. थायरॉइड सापडलं, गोळी लागली. त्यातले तीन-चार किलो कदाचित सुजेचे असतील, ते गोळीने जातील. उरलेले खाण्याचे, बसण्याचे, वयाचे, बाळंतपणांचे. त्यांना गोळी हात लावत नाही, कारण ते तिचं कामच नाही. तिचं काम जाळ नेहमीच्या ठिकाणी आणणं. टीएसएच ठीक आलं की तुमचं शरीर शेजारणीच्या शरीरासारखंच चालतं, आणि तिचं वजन ज्या उपायाने उतरेल त्याच उपायाने तुमचंही उतरेल. "थायरॉइड आहे, आता काही होणार नाही," असं म्हणून बसलेल्या मैत्रिणींना आम्ही हे मुद्दाम सांगतो. यात सुटका आहे.

आमच्या आज्या जात्यावर दळत, उखळात कांडत, नदीवरून पाणी आणत. जातं गेलं, गिरणी आली, ते फार बरं झालं. त्या कष्टांनी आज्यांच्या कमरा मोडल्या, त्याचं कौतुक नको. पण ताटातल्या भाकऱ्या तेवढ्याच राहिल्या आणि वर चहा-बिस्किट, शेव-फरसाण, पोरांचं उरलेलं आलं. "टाकून कसं द्यायचं," म्हणून बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते आणि सगळ्यांचं उरलेलं संपवते. दिवसाला चार कप चहा, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे, म्हणजे एखाद्या लहान भाकरीएवढी ऊर्जा, आणि तीही पोट न भरता. तेलाचा हिशेब महिन्याच्या किराण्यावरून करा. घरात आलेलं तेल माणसांच्या संख्येने भागा. माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या वर फार जात असेल तर कुठे कमी करता येईल ते पाहा. मटकी, हुलगे, हरभरा, डाळ, चालत असेल तर अंडं, हे ताटात वाढवा. त्याने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं.

उपाशी राहून वजन उतरवायच्या भानगडीत पडू नका. खाणं फारच तोडलं की शरीर आपणहून जाळ मंद करतं, थायरॉइडचा रस वापरणंच कमी करतं. आणि आपल्या उपवासाचं तर बोलायलाच नको. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, तळलेले पापड. उपवासाच्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्तच पोटात जातं! महिन्याला एक-दीड किलो उतरलं तरी भरपूर झालं. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास जरा भरभर चाला. घरकामात चालणं होतंच, असं सगळ्या म्हणतात, पण ते थांबत थांबत होतं. दोघी-तिघींनी मिळून निघालात तर घरातून अडवणंही कमी होतं, हा आमचा अनुभव आहे. वजन बरंच उतरलं तर डॉक्टरांना सांगा, गोळीची मात्रा पुन्हा पाहावी लागू शकते.

गोळी लागू पडत नाही, याचं दुसरं कारण फार साधं असतं. ती चुकीच्या वेळी घेतली जाते. सकाळी उठल्यावर, उपाशी पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि त्यानंतर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, चहासुद्धा नाही. चहाबरोबर गिळली तर ती पुरती अंगात जिरत नाही. पहाटे धारा काढायला उठणाऱ्यांना सोपं आहे, गोठ्यात जाण्याआधी घ्या, येईपर्यंत तास होतो. उपवासाला पाणी चालतं, तर गोळीही चालते. एखाद्या दिवशी विसरलात तर लगेच काही बिघडत नाही, औषधाचा अंश बरेच दिवस अंगात राहतो. पण त्याचमुळे गोळी बंद करणाऱ्या बाईला पहिले आठ-पंधरा दिवस काहीच जाणवत नाही आणि आपलं बरोबर होतं असं वाटतं. त्रास नंतर हळूहळू येतो. बाटली चुलीजवळच्या फळीवर किंवा मोरीपाशी ठेवू नका. उष्णता, ओल आणि उजेड तिला सोसत नाही, झाकण घट्ट हवं. गोळ्या पुडीत काढून ठेवायची सवयही मोडा.

दिवस गेलेल्या बायकांचं वेगळं सांगायला हवं. पोटात बाळ आहे म्हणून सासू किंवा आई गोळी थांबवायला सांगते, काळजीपोटीच सांगते. पण पहिले काही महिने बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते, त्याच्या मेंदूच्या वाढीला आईचाच रस लागतो. त्यामुळे या काळात गोळी थांबवायची तर नाहीच, उलट बहुतेक वेळा मात्रा वाढवावी लागते. पाळी चुकली की वाट न पाहता डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्या. वजन उतरवण्याचा विषय तेव्हा बाजूला. आणि याच काळात आशाताई लोहाच्या लाल गोळ्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या देतात. त्या दोन्ही घ्यायच्याच आहेत, पण थायरॉइडच्या गोळीबरोबर नाही. एकत्र घेतल्या तर थायरॉइडची गोळी पोटातच अडकते. मध्ये चार तास जाऊ द्या. सकाळी सहाला थायरॉइडची घेतली तर कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर आणि लोहाची रात्री, असं वेळापत्रक आमच्या गटांतल्या बायकांना जमतं. दोन्ही डबे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवले की अंधारात हात चुकत नाही.